झानशिन म्हणजे 'उरलेलं मन'

जपानमध्ये येऊन तीन वर्षं झाली आणि केंदो, म्हणजे जपानी तलवारबाजी, सुरू करून दीड, आमच्या भागातल्या जिममध्ये आठवड्यातून दोनदा संध्याकाळी केइको असते. केइको म्हणजे प्रॅक्टिस असं सगळे सांगतात पण कांजी, म्हणजे ती लिहायची चिनी चित्राक्षरं, बघितली तर अर्थ निघतो जुन्याचा विचार करणं, मला त्यासाठी आपला रियाज हाच शब्द जवळचा वाटतो.

सुरुवातीला शब्दांनी खूप गोंधळ व्हायचा. 'मेन' म्हणजे डोक्यावर घालायचं ते जाळीचं शिरस्त्राण, डोक्यावर मारायचा तो फटकाही मेन, आणि मारताना जे ओरडायचं तेही "मेSSन"च! 'कोते'चंही तसंच, हातमोजा पण कोते आणि मनगटावरचा वार पण कोते. 'दो' म्हणजे छातीपोटावरचं कवच आणि त्याच्यावरचा वार, 'त्सुकी' म्हणजे गळ्यावर टोक खुपसणं, ते लहान मुलांना मारू देत नाहीत. कुठे मारलं ते ओरडून सांगायचंच, कारण की-केन-ताई, म्हणजे जोम, तलवार आणि शरीर, तिन्ही एका क्षणी एकत्र यायला हवेत. आवाज, शिनाईचा म्हणजे बांबूच्या तलवारीचा फटका आणि उजव्या पायाचा जमिनीवरचा धप्पकन आवाज, तिन्ही एकदम. मला हे जमायला कितीतरी महिने लागले, पाय कायम मागे राहायचा.

पण ज्या शब्दाने मला खरंच पकडून ठेवलंय तो 'झानशिन'. झान म्हणजे उरलेलं, शिन म्हणजे मन. वार करून झाल्यावरही मन तिथेच जागं असलं पाहिजे. आणि ही नुसती सुंदर कल्पना नाहीये हां, नियमातच आहे! मॅचला तीन पंच असतात, हातात लाल-पांढरे झेंडे, वार कितीही स्वच्छ बसला तरी त्यानंतर झानशिन दिसलं नाही तर इप्पोन म्हणजे पॉइंट मिळत नाही, आणि पॉइंट मिळाल्यावर कोणी हात उंचावून आनंद साजरा केला तर दिलेला पॉइंटही काढून घेतात. खेळात जिंकल्यावर नाचणं आपल्याला किती साहजिक वाटतं, म्हणून हे ऐकलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्याचाच विचार करत होतो.

गेल्या महिन्यात सत्तरी ओलांडलेल्या एका सेन्सेईंसमोर, म्हणजे गुरुजींसमोर, उभा होतो. त्यांच्या शिनाईचं टोक किंचित खाली गेलं आणि मी मेन मारला, फट्ट असा कोरडा आवाज आला, इतका नीट पहिल्यांदाच बसला होता आणि त्या आनंदात मी जागच्या जागी थांबलो. पुढच्या क्षणी त्यांच्या शिनाईचं टोक माझ्या गळ्यासमोर होतं, जाळीतून त्यांचे डोळे दिसत होते, अगदी शांत. एवढंच म्हणाले, "झानशिन."

परवा पुन्हा त्यांच्याचसमोर. यावेळी वार बसला की नाही तेही नीट कळलं नाही, पण मी थांबलो नाही, त्यांच्या बाजूने सरळ पुढे निघून गेलो, लांब जाऊन वळलो आणि शिनाई परत त्यांच्यावर रोखून उभा राहिलो, छाती धडधडत होती, घाम डोळ्यात उतरत होता तरी नजर हलवली नाही. त्यांनी किंचित मान हलवली आणि म्हणाले, "मोउ इप्पोन." म्हणजे, अजून एकदा.