नदी आडवी, नदी उभी

आम्हा पुणेकरांना मुठा माहीत आहे ती आडवी. पुलाच्या या टोकाला शिरायचं, त्या टोकाला बाहेर पडायचं. मधे पुढचा सिग्नल हिरवा आहे की लाल, एवढंच बघायचं. एरवी नदीचा विषय दोन प्रश्नांपुरता निघतो. ‘पात्रातून येतोयस का?’, म्हणजे पात्रातल्या रस्त्याने, आणि जुलैत, ‘भिडे पूल पाण्याखाली गेला का?’

परवा स्कूटर गॅरेजात होती. म्हटलं, म्हात्रे पुलापासून शनिवार पेठेत मावशीकडे काठाकाठानेच जाऊ. कधी रस्ता, कधी पायवाट, कधी नुसता राडारोडा. नाक सरावायला दहा मिनिटं लागली (लपवण्यात काय अर्थ!). मग डोळे उघडले. एका झाडाच्या फांद्यांना, माझ्या डोक्याच्याही हातभर वर, चिंध्या, पिशव्या आणि लहान मुलाचा एक मोजा लटकत होता. पावसाळ्यात खडकवासल्यातून सोडलेलं पाणी कुठवर आलं होतं, त्याची ही खूण. खाली त्याच काळ्या पाण्यात शेकाट्या पक्षी लाल काटकुळ्या पायांनी चालत होता, चपला हातात घेतल्यासारखा. लकडी पूल तर जन्मात पहिल्यांदा खालून पाहिला. नावात लाकूड, पोटात दगडी कमानी. शेजारी मेट्रोचे खांब.

गंमत म्हणजे, वाटेत एकही सिग्नल लागला नाही. पूल आपले डोक्यावरून गेले. दत्तवाडी आणि शनिवार पेठ म्हणजे दोन टोकं, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. ती एकाच काठावरची शेजारीण-शेजारीण निघाली.

मुळा, मुठा आणि संगमाच्या पुढची मुळा-मुठा मिळून सुमारे 44 किलोमीटरचा काठ सुधारायची योजना आहे. चालायला आणि सायकलला सलग वाट, असं नकाशात छान दिसतं. वाट मला हवीच आहे. पण तिच्यासाठी जुनी झाडं काढायची आणि भराव घालून पात्र आवळायचं, हे काही पटत नाही. वाट मातीची असू दे, अरुंद असू दे. पावसाळ्यात चार दिवस बुडाली तर बुडू दे. भिडे पूल दरवर्षी बुडतो, आपण कुठे त्याला मोडीत काढलं?

मावशीने दार उघडलं ते माझ्या बुटांकडे बघत. ‘पात्रातून आलास? चालत?’ 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा ती दहा वर्षांची होती. त्या दिवसापासून नदी तिच्या बोलण्यात फक्त पूर होऊनच येते. मी शेकाट्याचं सांगितलं, मोज्याचं सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, ‘ओंकारेश्वराच्या पायऱ्या आहेत का रे अजून? आई धुणं घेऊन जायची, मी पिळे धरायला.’

‘बघितलं नाही गं.’

‘मग काय बघितलंस!’ असं म्हणत ती कोपऱ्यातली काठी शोधायला लागली.