तीन लिटर डिझेल एसयूव्ही, नोंद सहावी : बसणारा कोपरा आणि इंजिनाच्या पोटातली गळती

मागच्या नोंदीत, गाडी रात्रभर उभी राहिली की पुढच्या डाव्या कोपऱ्यात बसते, एवढे लिहून थांबलो होतो. त्या तक्रारीचा छडा लागला आहे आणि त्याच ओघात ऑइलच्या गळतीचे मूळही सापडले आहे. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो : गाडी २०१३ सालची, व्ही-सिक्स डिझेल इंजिनाची आणि चारही चाकांना एअर सस्पेन्शन, म्हणजे लोखंडी स्प्रिंगांऐवजी हवा भरलेल्या रबरी बॅगा, असलेली आहे, मी तिसरा मालक असून घेताना ओडोमीटरवर १,१८,००० किलोमीटर होते, आज १,२२,६०० आहेत. या सहा महिन्यांत माझे एक मत पक्के झाले आहे. अशा गाडीत महागडा भाग सहसा आपणहून मरत नाही. त्याच्या शेजारचे एखादे स्वस्त रबर आधी मरते आणि त्याकडे दुर्लक्ष झाले की ते महागड्या भागाला घेऊन जाते.

जुळे सोलापुरात आमच्या दारात शहाबादी फरशीचा सपाट तुकडा आहे, त्यावर गाडी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मी चारही बाजूंना टेपने मोजले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, दार न उघडता, पुन्हा मोजले. दार उघडले तरी काही गाड्यांची यंत्रणा जागी होऊन उंची सुधारू लागते, म्हणून ही काळजी घ्यावी. नऊ तासांत डावा पुढचा कोपरा ३८ मिलिमीटर उतरला होता, बाकीचे दोन-तीन मिलिमीटरच. मग गाडी सर्वांत वरच्या उंचीवर नेऊन, खाली ठोकळे लावून, धुण्याच्या पावडरचा दाट फेस ब्रशने आधी पाइपच्या जोडावर, नंतर बॅगांना हवा वाटून देणाऱ्या व्हॉल्व्ह ब्लॉकवर आणि शेवटी रबरी बॅगेवर फिरवला. जोड कोरडे निघाले. बॅगेच्या खालच्या घडीत मात्र मोहरीएवढे बुडबुडे रांगेने उमलू लागले. नेहमीच्या उंचीला ही घडी मिटलेली असते आणि भेग दिसत नाही. म्हणून गाडी वर उचलूनच तपासावे. आपल्याकडचा चाळीस अंशांवरचा उन्हाळा आणि काळ्या मातीची बारीक धूळ या दोन्हींनी ती घडी आतून-बाहेरून खाल्ली होती.

बॅग गळते तेव्हा बिचारा कॉम्प्रेसर ती भरत बसतो. तो थोडा वेळ चालून थांबण्यासाठी घडवलेला असतो. माझा सकाळी सकाळी दोन मिनिटांहून अधिक चालत होता. असे महिनोन्‌महिने चालले की त्याची पिस्टन रिंग झिजते आणि त्याची वीज चालू-बंद करणाऱ्या रिलेचे संपर्क चिकटून बसतात, मग गाडी बंद असली तरी तो जळेपर्यंत थांबत नाही. मी पुढच्या दोन्ही बाजूंचे स्ट्रट, म्हणजे बॅगेसकटचे अख्खे खांब, एकदम बदलले, कारण दोन्ही बॅगांचे वय एकच होते, आणि काही शे रुपयांचा रिलेही न विचारता नवा घातला. कॉम्प्रेसर वाचला. एक गोष्ट कळकळीने सांगतो : जॅक लावण्यापूर्वी उंची सांभाळणारी यंत्रणा बंद करा आणि केवळ हवेच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नका.

आता ऑइल. गिअरबॉक्सच्या तोंडाशी, बेल हाउसिंगवर, ओल दिसत होती. एका गॅरेजने क्रँकचे मागचे सील गेले असे ठरवून गिअरबॉक्स उतरवायला सांगितले होते. अक्कलकोट रोडवरच्या माझ्या मिस्त्रींनी मात्र खाली वाकूनही पाहिले नाही. ते म्हणाले, "मालक, ऑइल खालनं वर जात नसतंय. वरनं बघू की आधी." त्यांनी बोनेट उघडून इंजिनातल्या सिलिंडरांच्या दोन ओळींमधल्या दरीत छोटा कॅमेरा सोडला, आणि पडद्यावर काळे, चकाकणारे तळे दिसले.

या इंजिनात ऑइल कूलर त्या दरीत, टर्बो आणि इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या खाली बसवलेला आहे. कूलर आणि ब्लॉक यांच्यामधली बोटाएवढी सीले उष्णतेने टणक होतात, ऑइल दरीत साचते आणि मागच्या बाजूने बेल हाउसिंगवर उतरते. सीलांची किंमत किरकोळ; पण तिथवर पोहोचायला टर्बो आणि मॅनिफोल्ड काढावे लागतात, दोन दिवस जातात. म्हणून एकदा उघडल्यावर सगळे करून घ्यावे. ईजीआरमधून (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेतून) येणारी काजळी आणि इंजिनाच्या पोटाला श्वास देणाऱ्या ब्रीदर पाइपमधून येणारी ऑइलची वाफ मिळून मॅनिफोल्डमध्ये डांबरासारखा थर बसला होता. तो खरवडताना इंजिनाची तोंडे आधी कापडाने बंद केली. टर्बोच्या तोंडाच्या रबरी सीलमधूनही ऑइल ठिबकत होते, आणि बरोबर त्याच्याखाली स्वर्ल फ्लॅपची, म्हणजे आत जाणाऱ्या हवेला भोवरा देणाऱ्या झडपांची, मोटर होती. ती मोटर ऑइल पिऊन बंद पडायची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. सील त्याच दिवशी बदलले.

जोडणीनंतर दरी धुऊन कोरडी केली, कारण जुने ऑइल राहिले तर नवी गळती ओळखता येत नाही. मग तुळजापूरचा घाट चढून आलो आणि गरम इंजिनावरच पुन्हा कॅमेरा सोडला. दरी कोरडी होती. ६०० किलोमीटरनंतरही कोरडीच आहे.

डीपीएफबाबत, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरबाबत, नवे काही नाही. सात रस्ता ते होटगी रोड एवढ्याच फेऱ्या झाल्या की काजळी जाळायला लागणारे ६०० अंशांच्या आसपासचे तापमान मिळत नाही, ती जाळण्याच्या अर्धवट राहिलेल्या प्रयत्नांत फवारलेले जादा डिझेल ऑइलमध्ये मिसळते आणि डिपस्टिकवरची पातळी वाढते. म्हणून दर रविवारी पुणे महामार्गाने मोहोळपर्यंत जाऊन येतो. ते फिल्टर काढून टाकण्याचा सल्ला मला अनेकांनी दिला. तसे करणे बेकायदा तर आहेच, शिवाय तो धूर आपल्याच गावातली मुले घेणार आहेत.

अशी गाडी घ्यायला निघालेल्यांनी ती सकाळी, मालकाने सुरू करण्याआधी पाहावी. मी संध्याकाळी गेलो होतो. तेव्हा चारही कोपरे समान होते.

पुढच्या महिन्यात गिअरबॉक्सकडून चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे मधले बेअरिंग पाहायचे आहे, ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाला गाडीच्या तळातून हलकी घरघर येते. मागच्या बॅगा काल रात्री चार मिलिमीटर उतरल्या; दर रविवारी मोजून वहीत लिहितो आहे.