विमान कुणी पाठवलं?

भाचा एमएस करायला इकडे आल्यावर पहिल्याच रविवारी मी त्याच्या पाकिटात एक कागद घडी करून ठेवला. त्यावर अटलांटातल्या आपल्या भारतीय कॉन्सुलेटचा (वाणिज्य दूतावासाचा) इमर्जन्सी नंबर, एका वकिलाचा आणि माझा. "मावशी, फोनमध्ये आहे ना सगळं!" अरे बाबा, पकडलं तर आधी फोनच काढून घेतात. "मग पाकीट काय ठेवतील?" हे मात्र बरोबर होतं. म्हणून सध्या आमच्याकडे नंबर पाठ करणं चालू आहे, पाढ्यांसारखं.

हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते 2025 च्या सप्टेंबरात. अटलांटाजवळच्या आमच्या डुलूथमध्ये कोरियन वस्ती मोठी. माझे केस कापणारी बाईही कोरियनच. 4 सप्टेंबरला आमच्याच जॉर्जिया राज्यात सवानाजवळ ह्युंदाई-एलजीच्या बॅटरी कारखान्यावर इमिग्रेशनवाल्यांची धाड पडली, 475 माणसं धरली, त्यातली तीनशेहून जास्त कोरियन. पायात आणि कमरेला साखळ्या बांधून त्यांना बसमध्ये चढवतानाचा व्हिडिओ अमेरिकन सरकारनंच प्रसिद्ध केला. आठवडाभरानं मी तिच्याकडे केस कापायला गेले, तेव्हा भिंतीवरच्या टीव्हीवर कोरियातला इंचॉन विमानतळ दिसत होता. त्यांचे परराष्ट्रमंत्री वॉशिंग्टनला येऊन बसले होते. कोरियन एअरचं खास विमान अटलांटाला आलं, फोकस्टनच्या डिटेन्शन सेंटरमधून विमानतळापर्यंत माणसं बेड्यांशिवाय आणायची हे ठरवून घेतलं, आणि 316 जण घरी पोचले.

कात्री थांबवून तिनं विचारलं, "तुमच्या लोकांसाठी विमान कुणी पाठवलं होतं?"

अमेरिकन हवाई दलानं. त्याच वर्षी 5 फेब्रुवारीला त्यांचं सी-17 हे लष्करी विमान अमृतसरला उतरलं, 104 माणसं, हातात बेड्या, पायात साखळ्या. तिघं आपल्या महाराष्ट्रातले. दुसऱ्या दिवशी राज्यसभेत जयशंकर यांनी सांगितलं की परत पाठवणं नवीन नाही, 2009 पासून साडेपंधरा हजारांवर लोक असे आले, बेड्यांची पद्धत 2012 पासूनची आहे. आकडे खरे असतील. पण घरच्या माणसाला कुणी बांधून दारात आणून सोडलं, तर "ते नेहमी असंच बांधतात" हे आपण सांगायचं का?

बरोबरी सरळ नाही, हे मलाही कळतं. कोरियाचे लोक अब्जावधी डॉलरचा कारखाना उभारत होते. आपले बरेचसे एजंटला लाखो रुपये देऊन डंकीच्या, म्हणजे चोरट्या, बेकायदा वाटेनं आलेले. त्यांना परत घ्यायलाच हवं, त्याबद्दल माझं भांडण नाही. पण त्याच वर्षी जानेवारीत कोलंबियानं लष्करी विमानं नाकारली, कर लावायची धमकी खाल्ली, आणि शेवटी स्वतःची विमानं पाठवून माणसं नेली. त्यांच्याकडे कुठला कारखाना होता?

आपल्याला कायदा माहीत नाही असंही नाही. 1963 च्या व्हिएन्ना कराराचं कलम 36 म्हणतं, परदेशी माणसाला धरलं तर त्याच्या कॉन्सुलेटशी संपर्काचा हक्क त्याला विनाविलंब सांगायचा. कुलभूषण जाधव प्रकरणात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात 2019 मध्ये आपण याच कलमावर जिंकलो. गंमत म्हणजे पैसेही आहेत. पासपोर्ट रिन्यू करताना इथं आपण फीबरोबर दोन डॉलर जास्त भरतो, ते अडकलेल्या भारतीयांच्या मदतीच्या फंडात जातात. वकील, परतीचं तिकीट, सगळं त्यात बसतं. माझ्या पावतीवर ते दोन डॉलर वेगळे छापलेत. मी आजवर पाच-सहा वेळा भरले असतील.

त्या कलमातला खाचखळगा एवढाच, की कॉन्सुलेटला कळवायचं ते त्या माणसानं मागितलं तर. घाबरलेलं पोर काय मागणार? म्हणून नंबराबरोबर एक वाक्यही पाठ करून घेतेय, "मला भारतीय कॉन्सुलेटशी बोलायचंय," इंग्रजीत, आवाज न चढवता. वाक्य आलं. नंबराचे शेवटचे दोन आकडे तो अजून उलटे म्हणतो.