लांडग्यापासून लपताना

पौषातल्या एका शनिवारी आमचा खेळ एका फाशावरून तासभर अडला. वरोरा तालुक्यातील आमच्या गावात आम्ही पाच जण डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून, एकेक पात्र वठवत कथा पुढे नेण्याचा खेळ खेळतो, आणि ओलिताची वीज रात्रीची असते तो आठवडा सोडला तर सहसा खंड पडू देत नाही. मी डन्जन मास्टर असतो, म्हणजे कथा चालवणे आणि नियमांचा अर्थ लावणे हे माझ्याकडे. त्या रात्री माझ्या मावसभावाचे चोराचे पात्र दाट गवतात दडले. वीस बाजूंचा फासा आणि त्याचे स्टेल्थ (लपण्याचे कौशल्य) मिळून बेरीज १६ आली. समोर लांडगा होता, त्याचे पॅसिव्ह पर्सेप्शन, म्हणजे मुद्दाम न शोधताही चाहूल लागण्याचा आकडा, १३. तेरापेक्षा सोळा मोठे, म्हणून भाऊ निर्धास्त होता. मी मात्र सांगितले की लांडग्याने मान वळवली आणि तो हुंगत गवताकडे येऊ लागला. "मी लपलो आहो ना दादा, मंग लांडग्याले समजलं कसं?" हा प्रश्न रास्त होता आणि त्या रात्री मी दिलेले उत्तर अपुरे होते, म्हणून ते येथे नीट मांडतो.

आम्ही पाचव्या आवृत्तीची २०१४ ची पुस्तके वापरतो. पॅसिव्ह पर्सेप्शन म्हणजे १० अधिक त्या जीवाचे पर्सेप्शन. ॲडव्हांटेज (अनुकूलता) असेल तर त्यात ५ मिळवायचे, डिसॲडव्हांटेज (प्रतिकूलता) असेल तर ५ वजा करायचे. लांडग्याच्या वर्णनात आकड्यांखाली एक ओळ आहे आणि घाईत ती सुटते: ऐकण्यावर किंवा वासावर अवलंबून असलेल्या पर्सेप्शनला त्याला ॲडव्हांटेज मिळतो. म्हणजे डोळ्यांसाठी तो १३ आहे, पण कानांसाठी आणि नाकासाठी १८. भावाची बेरीज १६ त्याच्या डोळ्यांना पुरून उरली, नाकाला पुरली नाही. भावाने यावर एक चांगला मुद्दा काढला. पुस्तकात लपलेला म्हणजे न दिसणारा आणि ऐकू न येणारा, एवढेच म्हटले आहे; वासाचा तेथे उल्लेख नाही. ते खरे आहे. परंतु सर्वसाधारण नियम आणि एखाद्या प्राण्याची खास ओळ यांत विसंगती असेल, तर खास ओळ मानायची हे त्याच पुस्तकाचे सांगणे आहे, आणि लांडग्याच्या ओळीत वास स्पष्टपणे लिहिलेला आहे. ती ओळ निरर्थक ठरेल असा अर्थ लावणे मला पटत नाही.

लपणे नेहमी कोणापासून तरी असते, हे मी त्या रात्री आधीच बोलायला हवे होते. हीच १६ ची बेरीज गॉब्लिन या छोट्या राक्षसी जीवापासून लपायला पुरेशी आहे, कारण त्याचे पॅसिव्ह पर्सेप्शन ९ आहे. एकाच गवतात बसलेले एकच पात्र गॉब्लिनपासून लपलेले आणि लांडग्यापासून न लपलेले असू शकते, आणि दोन्ही गोष्टी एकाच क्षणी खऱ्या असतात.

मग वाऱ्याचा प्रश्न आला. जागलीला जाणाऱ्या कोणालाही तो सुचेल. वारा लांडग्याकडून आपल्याकडे वाहत असेल, तर आपला वास त्याच्यापर्यंत पोहोचणार कसा? पुस्तकात वाऱ्याची दिशा लिहिलेली नाही, पण परिस्थिती पाहून ॲडव्हांटेज किंवा डिसॲडव्हांटेज देण्याचा अधिकार डन्जन मास्टरला आहे. वारा उलटा असेल तर मी नाकाला डिसॲडव्हांटेज देतो. दोन्ही एकमेकांना खोडतात, नाकापुरता लांडगा १३ वर येतो आणि नाकासमोर १६ ची बेरीज टिकते. त्या रात्री मी वाऱ्याबद्दल काहीच सांगितले नव्हते, तेव्हा फासा पडल्यावर तो सोयीने ठरवणे भावावर अन्यायाचे झाले असते. म्हणून आम्ही दुसरा फासा टाकून वारा ठरवला, आणि तो लांडग्याच्या फायद्याचा निघाला.

येथे आणखी एक फरक आहे, आणि माझ्या मते सगळ्या गोंधळाचे मूळ त्यात आहे. वासाने जागा कळली म्हणजे पात्र दिसले असे होत नाही. दाट झाडी नियमाने नजर पूर्णपणे अडवते, तिच्यातून पाहणाऱ्याला ते पात्र दिसतच नाही. म्हणून लांडगा नेमक्या जागी झेपावला तरी न दिसणाऱ्यावर हल्ला करतो आणि त्याच्या हल्ल्याला डिसॲडव्हांटेज लागतो. भाऊ सापडला, पण उघडा पडला नाही. पण लांडगे कळपाने येतात. लक्ष्यापासून पाच फुटांच्या आत दुसरा लांडगा उभा असेल, तर हल्ल्याला ॲडव्हांटेज मिळतो, तो या डिसॲडव्हांटेजला खोडतो, आणि फासा साधा पडतो. दुसरा लांडगा आला तेव्हा भावाने हरकत घेतली नाही.

पुस्तक आणि आमचे वावर जुळत नाहीत तेथे मला जास्त विचार करावा लागला. आमच्याकडे तुरीभोवती जुन्या साड्या बांधतात आणि न्हाव्याकडचे कापलेले केस धुऱ्यावर टाकतात, कारण रानडुकराची नजर कमी आणि नाक तेज. माणसाच्या वासाने ते बिचकते, असे मोठेबाबा सांगतात. पुस्तकातल्या रानडुकराला मात्र वासाची ओळच नाही. त्याची धडक आहे, जवळजवळ मेल्यावरही एकदा उभे राहण्याची चिवट ताकद आहे, पण पॅसिव्ह पर्सेप्शन अवघे ९. वाघाचे नेमके उलट. खरा वाघ शिकार करतो ती मुख्यतः डोळ्यांच्या आणि कानांच्या भरवशावर. ताडोबाच्या कडेला राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. पुस्तकातल्या वाघाला मात्र वासाची ओळ दिलेली आहे. रानडुकराला मी वासाची ओळ जोडतो, वाघाची तशीच ठेवतो, आणि दोन्ही निर्णय खेळ सुरू होण्यापूर्वी सांगतो. खेळाडू रानडुकराचे ९ गृहीत धरून पुढे सरकला आणि मागाहून मी १४ काढले, तर ती फसवणूकच झाली.

वाघाची झेपसुद्धा लपण्याच्या नियमात गुंतलेली आहे. वाघ सरळ रेषेत किमान वीस फूट धावून पंजा मारतो, तो लागला तर लक्ष्याला १३ ची ताकदीची कसोटी द्यावी लागते, आणि ते पडले की वाघाला बोनस ॲक्शनने (त्याच पाळीतल्या जादा कृतीने) चावता येते. वाघाचा वेग चाळीस फूट. उभ्या तुरीत चालणे अवघड मानले तर प्रत्येक फुटाला दोन फूट खर्च होतात, म्हणजे तो जेमतेम वीस फूट पार करतो आणि झेप साधते. तूर लक्ष्याच्या अंगापर्यंत दाट असेल, तर वाघ शेवटपर्यंत दिसत नाही आणि पंजाच्या हल्ल्याला ॲडव्हांटेज देणे मला योग्य वाटते. लक्ष्य पऱ्हाटीत उभे असेल, तर मी ते देत नाही. पऱ्हाटी कमरेएवढी, तीत वाघ येताना दिसतो. लढाईत सगळेच सावध असतात आणि आडोसा सोडून जवळ येणारा बहुधा दिसतो, असे पुस्तकही सांगते.

हाच निकष मी गॉब्लिनला लावतो. दर फेरीला बोनस ॲक्शनने लपण्याची त्याची सवय खेळाडूंना अन्यायाची वाटते, पण त्याला आडोसा लागतोच. स्पष्ट पाहणाऱ्यासमोर त्याला लपता येत नाही. खडकामागे दडून तो बाण मारतो, आणि बाण लागो वा न लागो, त्याची जागा कळते. उपाय खेळाडूंच्या हाती आहे: एकाने खडकाला वळसा घालून त्याला स्पष्ट दिसेल अशा ठिकाणी उभे राहावे.

२०२४ च्या नव्या पुस्तकात लपणे बदलले आहे. पुरेसा आडोसा हवा, कोणत्याही शत्रूच्या नजरेत नसावे, आणि बेरीज किमान १५ हवी. जमले तर पात्राला थेट इन्व्हिजिबल ही अवस्था मिळते. आवाज कुजबुजीपेक्षा मोठा झाला, हल्ला केला, उच्चाराची गरज असलेला मंत्र टाकला किंवा शत्रूने शोधून काढले, की ती संपते. उघड्यावर चालत आलो तर काय, हे त्या यादीत नाही, आणि त्यावरून कोणी भर अंगणातून अदृश्य फिरू म्हणेल. माझा अर्थ असा की समोर उभ्या माणसाने पाहिले म्हणजे त्याने शोधून काढले. त्यासाठी त्याला वेगळा फासा लागू नये.

पेटीसारख्या वस्तूचे रूप घेणाऱ्या आणि स्पर्श करील त्याला चिकटणाऱ्या मिमिक या राक्षसी जीवाचा प्रश्न आमच्या टेबलावर अजून मिटलेला नाही. वस्तूच्या रूपात तो निश्चल आहे तोवर साध्या वस्तूपासून वेगळा ओळखता येत नाही, असे पुस्तक म्हणते. तेथे स्टेल्थचा फासा नाही, म्हणून पॅसिव्ह १७ असलेल्या आमच्या धर्मगुरूलाही नुसते पाहून काही कळणार नाही, असे मी ठरवले. धर्मगुरू खेळवणाऱ्या मित्राला ते मान्य नाही. येत्या शनिवारी तो पेटीला काठी लावून पाहणार आहे, आणि काठी चिकटेल की नाही हे मात्र मी पुस्तकातूनच सांगेन.