गोधड्यांचं दुकान आणि लोकांच्या आईच्या साड्या

ऑनलाइन दुकान काढलं की प्रत्येक जण सांगतो, ब्रँडला स्टोरी हवी, इमोशनल कनेक्ट हवा. मला वाटतं आमच्यासारख्या छोट्या दुकानांना भावना तयार करायची गरजच नसते.

आमचं काम गोधड्यांचं, ऑर्डरी इन्स्टा आणि व्हॉट्सअॅपवर येतात. लोक घरातल्या जुन्या साड्या कुरियरने पाठवतात आणि आमच्याकडच्या ताई त्यांची गोधडी शिवतात. साडी बहुतेक वेळा आईची नाहीतर आजीची, आणि कित्येकदा ती माणसं आता नसतात. म्हणजे जी काय भावना असते ती पार्सलमधूनच येते, आपण ती सांभाळायची.

म्हणून पार्सल उघडलं की आधी प्रत्येक साडीचा फोटो गिऱ्हाइकाला जातो, आणि कात्री लावायच्या आधी विचारतो की पदर वर दिसू दे की आतल्या थरात जाऊ दे. सुती इरकल आली तर मीच आग्रह धरते की ही अंगाला लागणाऱ्या बाजूला घ्या, वर्षानुवर्षं धुऊन धुऊन ती इतकी मऊ झालेली असते की नवीन कापड जवळपास येत नाही. उरलेली काठाची चिंधीसुद्धा परत जाते, सोबत कुठली साडी कुठे लागली आणि कोणी शिवली याची चिठ्ठी.

लिज्जतचंच बघा, १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, आणि तिथे काम करणारी प्रत्येक बहीण धंद्याची मालकीणही असते. लोकांचा जीव जडतो तो अशा खऱ्या गोष्टीवर. आम्ही एका गोधडीमागे ताईंना किती मिळतात ते पेजवरच लिहितो, ते लपवून नुसते त्यांच्या सुईधरल्या हातांचे फोटो टाकणं मला जमणार नाही.

गिऱ्हाइकं आईबद्दल लांबलचक मेसेज लिहितात, वाचताना डोळे भरून येतात. ते स्क्रीनशॉट स्टोरीला टाक, सेल वाढेल असं मला सांगितलं गेलंय, वाढेलही, पण ते मला विश्वासाने लिहिलेलं असतं त्यामुळे टाकत नाही.

हाताने धावदोरा घालायला वेळ लागतो, म्हणून दिवाळीला हवी असेल तर साड्या गणपतीच्या आधी पाठवा. धुऊन पाठवा पण खळ घालू नका, सुई जात नाही. आणि कुठली साडी कोणाची ते कागदावर लिहून त्या साडीलाच टाचा.