होमरची पाटी, नोंद तिसरी: एक वेलांटी कमी

'द सिम्पसन्स' या कार्टून मालिकेतली होमरची पाटी मराठीत आणायचं काम अखेर हललं. मागच्या वेळी शब्दच सापडत नव्हते. आता शब्द आहेत, पण घोडं वेलांटीपाशी अडलं होतं.

नव्याने येणाऱ्यांसाठी थोडक्यात. 'द सिम्पसन्स'च्या सहाव्या सीझनमधला 'अँड मॅगी मेक्स थ्री' हा भाग २२ जानेवारी १९९५ ला पहिल्यांदा दाखवला गेला. लेखन जेनिफर क्रिटेंडन यांचं. कर्ज फिटल्यावर होमर अणुवीज केंद्रातली नोकरी सोडतो, जाता जाता मालक बर्न्ससाहेबाच्या टकलावर बोंगो वाजवतो आणि बोलिंगच्या अड्ड्यावर मनासारखं काम धरतो. तेवढ्यात बायकोला, मार्जला, तिसऱ्यांदा दिवस जातात. तिथल्या पगारात भागेना, मग स्वारी नाक घासत परत. बर्न्स त्याच्यासमोर पाटी ठोकतो: 'डोन्ट फरगेट, यू आर हिअर फॉरेव्हर'. होमर तिच्यावर त्या तिसऱ्या लेकराचे, मॅगीचे, फोटो असे चिकटवतो की 'डू इट फॉर हर' तेवढं वाचता येतं. घरच्या अल्बममध्ये मॅगीचा एकही फोटो का नाही, हे तेव्हा कळतं.

मी ती शेवटची चौकट थांबवून बसलो. 'फॉर' आणि 'हर' सोपे आहेत, शब्दाची शेपटी झाकली की झालं. गंमत 'इट'मध्ये आहे. मूळ इंग्रजी ओळीत 'आय' हे अक्षरच नाही! 'डोन्ट'मधल्या 'एन'ची एक उभी रेघ मोकळी सोडायची, बाकीचा 'एन' फोटोखाली. अक्षर अर्धं झाकलं तरी चालतं, हे तिथून उचललं.

पहिला आठवडा 'तिच्यासाठी'पायी वाया गेला. पोटात 'च्या' दडलेली धड धमकी काही जमेना. मग भांडी घासताना डोक्यात आलं की साठी म्हणजे वयाची साठीसुद्धा! बसल्या बैठकीला ओळ झाली:

'विसरू नको लेका, साठीपर्यंत सुटका नाही!'

'विसरू नको' झाकलं, स्वल्पविराम झाकला, 'पर्यंत'पासून पुढचं सगळं झाकलं. मागे सरून वाचलं तर 'लेकासाठी'. म्हणजे सगळा भाग होमरच्या मुलाच्या, बार्टच्या, नावावर! मॅगीला न्याय मिळायला एक वेलांटी कमी. झाकून अक्षर कमी करता येतं, वेलांटी कुठून आणायची?

उपाय: 'लेका'चं 'लेको' केलं. ('नको लेको' असं यमकही फुकटात जुळलं.) 'को'ची मात्रा छापील अक्षरासारखी तिरकी न काढता ब्रशने गोलसर काढली. वेलांटी आणि ही मात्रा यांत फरक उरतो तो एवढाच, की वेलांटीचं डावं टोक शिरोरेघेवर टेकतं आणि मात्रेचं हवेत राहतं. त्या हवेतल्या टोकावर फोटोचा कोपरा आणला. बाकीचं डोळाच पुरं करतो. सहा कागद फाडले. सातव्यावर आधी 'लेको' वाचलं जातं आणि फोटो ठेवला की 'लेकी'.

शिरोरेघेनेही छळलं. फोटो सरळ लावले तर त्यांच्या कडा रेघेला समांतर येतात आणि खालचा शब्द डोकावल्यासारखा वाटतो. वाकडेतिकडे लावले तर तो भास मोडतो. होमर तरी कुठे पट्टी घेऊन बसला असेल!

पाटीचा कागद १६ बाय १२ इंच ठेवलाय, कारण तेव्हाची मालिका ४:३ चौकटीत आहे. रुंद केलेल्या प्रतीवरून माप घेऊ नका, वरखाली कापलेलं असतं.

फोटोंपैकी सात झाले, दोन बाकी. 'सुटका नाही'वरचा सर्वांत मोठा: निळा झबला, डोक्यावर निळी बो, तोंडात लाल चोखणी. लाल रंग ओला असतानाच हात लागला, चोखणी गालावर गेली. तो पुन्हा काढायचाय.

मला स्वतःला एक गोष्ट खटकते. बर्न्सला होमरचं नाव लक्षात राहत नाही, तो 'लेको' कशाला म्हणेल? शिवाय 'साठीपर्यंत' म्हटलं की सुटकेची तारीख ठरली. मूळ पाटीला तीच नाही. 'कायमचा' घेऊन, शेवटी 'लेकीसाठी' उरेल अशी ओळ कुणाला सुचली तर कळवा. दोन फोटो रंगवून होईपर्यंत पाटीवर वॉर्निश मारत नाही.