कागदी पळस आणि पाचवरचा फॅन

रविवार, रात्रीचे साडेअकरा. बोटं अजून केशरी आहेत, साबणाने निघत नाहीयेत, उद्या ऑफिसात विचारतील होळी संपली नाही का तुमची.

होळीला चंद्रपूरला गेलो होतो ना, तेव्हापासून डोक्यात होतं. रस्त्याने दोन्ही बाजूंना पळस नुसता पेटलेला, पान एक नाही आणि झाड सगळं केशरी. परत पुण्यात चौथ्या मजल्यावर आलो तर खिडकीतून समोरच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाक्या. लेक म्हणाली आई माझ्या खोलीत लाव ना तसं काहीतरी वरून लटकणारं. आज मुहूर्त लागला.

दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या कामट्या माळ्यावर होत्याच. पतंगी कागद आणला, केशरी आणि लाल, आणि काळा कार्डशीट. पळसाच्या फुलाचा देठाकडचा भाग काळपट मखमली असतो ना, तो नसला तर ते फूल कशाचंही वाटतं, जास्वंदसुद्धा. पाच पाकळ्या, त्यातली एक पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली. ती चोच जमेपर्यंत पहिली चार फुलं कचऱ्यात गेली. शेवटी कागद पेन्सिलीवर गुंडाळून सोडला की बाक येतो हे कळलं. पानं मात्र तीन-तीनचीच, पुण्यात असलो म्हणून काय झालं 😄 (फुलं असताना पानं नसतात हे माहितीय, पण लेकीला हिरवं हवं होतं.)

फेव्हिकॉल ओला लागला की पतंगी कागदाचा रंग सुटतो, त्याचीच ही बोटं. आईला व्हिडिओ कॉल केला तर ती म्हणे "काय करून राहिली गं तू, खळ कर ना". आमच्याकडे गणपतीच्या पताका खळीनेच चिकटायच्या, आजी मैदा शिजवून त्यात मोरचूद टाकायची, कागदाला कसर लागू नये म्हणून, आणि आम्हाला दटावायची की हात तोंडात घालाल तर बघा, विष आहे ते. पण खळीतही पाणी असतंच की, रंग तिथेही सुटणारच, हे आईला कोण सांगणार.

खरी मजा बांधताना. मी आपली वरची कामटी आधी बांधली आणि मग खाली एकेक अडकवत गेले, तर काय, एक फूल लावलं की सगळं डावीकडे, दुसरं लावलं की उजवीकडे, तास गेला त्यात. मग नवरा आला, म्हणाला उलटं कर, सगळ्यात खालची कामटी आधी तोल साधून घे आणि मग ती वरच्याला टांग. आठवीची तरफ म्हणे. ३० सेंटीमीटरच्या कामटीला एका टोकाला दोन फुलं, दुसऱ्याला एक, तर गाठ दोन फुलांच्या बाजूने १० सेंटीमीटरवर. बांधली. नाही बसली. कारण कामटीलाही वजन असतं हे साहेब विसरले होते, गाठ सरकत सरकत सव्वाअकरा सेंटीमीटरवर जाऊन थांबली. मी काहीच बोलले नाही, फक्त हसले.

याला मोबाइल म्हणतात असं ऐकून लेक हसत सुटली. पण नाव खरंच आहे, अलेक्झांडर काल्डर नावाच्या अमेरिकन शिल्पकाराच्या हलत्या कामांना मार्सेल द्युशाँ या फ्रेंच कलाकाराने १९३१ मध्ये ते दिलं. आणि हा काल्डर आधी मेकॅनिकल इंजिनिअर! म्हटलं तरीच.

आता टांगायचं कुठे हा प्रश्न आधी सुचायला हवा होता. घर भाड्याचं, छताला ड्रिल चालणार नाही, हुक एकच आणि त्याला फॅन. चैत्रात फॅन बंद ठेवून झोपेल असा माणूस आमच्या घरात तरी नाही. पडद्याच्या रॉडला बांधलं. फॅन दोनवर होता तोवर छान गिरक्या घेत होतं, पाचवर गेला आणि दोन मिनिटांत सगळे दोरे एकमेकांत, पळसाचा गुंता. सोडवला. परत गुंता. लेक रडकुंडीला, मी वैतागलेली, नवरा म्हणतो वजन वाढवू, मी म्हटलं तू बस तिकडे.

आणि दहाच्या सुमारास लाईट गेली. मोबाइलचा (फोनवाला) टॉर्च लावला तर भिंतीवर फुलांच्या मोठ्या मोठ्या सावल्या, हळूहळू फिरतायत. वारा नव्हताच, आमच्या श्वासानेच हलत असणार. तिघं घामाने निथळत गादीवर पडून बघत होतो, कुणी काही बोलत नव्हतं.

मग लाईट आली, फॅन पाचवरच होता.

उद्या खिडकीच्या ग्रिलला बांधून बघते.